न पाहिलेला पक्षी यादीत लिहिला, तर ती ‘रडी’ का?

मूळ प्रश्न (छत्रपती संभाजीनगर)

थंडीत रविवारी आम्ही पाच जण अंधारात निघतो आणि उजाडायच्या आत पैठणच्या अलीकडं, नाथसागराच्या काठावर पोचतो. दुर्बिणी, चहाचा थर्मास आणि एक वही. भांडण त्या वहीवरून झालं.

काठच्या चिखलात एक तुतारी (पाणथळीतला छोटा पक्षी, इंग्रजीत सँडपायपर) चरत होती. एक म्हणाला हिरवी, दुसरा म्हणाला ठिपकेवाली. उडाली की निकाल लागतो: पंखाखालचा भाग काळपट दिसला तर हिरवी, फिकट दिसला तर ठिपकेवाली. नेमकी ती उडाली तेव्हा आम्ही सगळे चहा ओतत होतो. घरी येऊन वही पाहतो, तर एका पठ्ठ्यानं दोन्ही लिहून टाकलेल्या! मी म्हटलं, “रडी खायलास तू.” तो म्हणतो, “रडी खेळात असते. इथं राज्य कुणावर आलंय?”

मला उत्तर सुचलं नाही. ‘रडी’ इथं चालेल का? नसेल तर आपल्याकडं याला काय म्हणतात?

परभणीकर

तुमच्या मित्राचा मुद्दा बरोबर आहे, पण कारण वेगळं आहे. गोट्या आठवा. नेम बसला की ज्याची गोटी उडाली तो काय म्हणायचा? “लागलीच न्हाई”, “माझं ध्यान नव्हतं”, “मी आधीच टाइमप्लीज म्हन्लो होतो”. म्हणजे रडी खाणारा हरलेला असतो आणि हरलेला डाव त्याला पुसायचा असतो. म्हणून तर रडण्यावरून शब्द आलाय. तुमच्या गड्यानं काही पुसलं नाही, उलट न मिळालेलं पदरात पाडून घेतलं. ही रडी नव्हे.

जाता जाता: पैसे खातात, भाव खातात, शेण खातात, तशी रडीही ‘खातात’. हक्काचं जेवण मात्र आपण ‘जेवतो’. (यावर भांडू नका, गंमत म्हणून लिहिलं.)

बीडवाली

आमच्याकडं सरळ ‘बेमानी’. खेळात, वाटणीत, पाण्याच्या पाळीत, सगळीकडं हाच शब्द. “बेमानी करू नगं” म्हटलं की पोराला कळायचं. आता माझी भाची ‘चीटिंग’ म्हणते, अर्थ तोच.

मूळ प्रश्नकर्ता

बीडताई, ‘बेमानी’वरून आठवलं. आमच्या शेजारच्या चाचांना मी एकदा म्हणालो की ही सगळी बेमानी आहे. त्यांना वाटलं मी म्हणतोय, या सगळ्याला काही अर्थच नाही! उर्दूत ‘बेमानी’ म्हणजे निरर्थक, आणि आपण जिला बेमानी म्हणतो ती त्यांची ‘बेईमानी’. शहरात दोन्ही कानावर पडतात, त्यामुळं घोळ ठरलेला.

तरी मला ‘बेमानी’ या तुतारीसाठी फार जड वाटते. कुणाचं काही बुडालं नाही.

नांदेडकर

कुणाचं बुडालं नाही ना, मग ती थाप. आणि थापेची ही जात जुनी आहे: ‘ठोकून देतो ऐसा जे’. दोन्ही तुताऱ्या ठोकून दिल्या, झालं.

लातूरकर

बुडत कसं नाही? रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन हा इंग्रज अधिकारी आठवा. मोठा पक्षितज्ज्ञ म्हणून मिरवला. त्यानं संग्रहालयातले दुसऱ्यांनी गोळा केलेले नमुने उचलले आणि स्वतःच्या नावाच्या चिठ्ठ्या लावून आपले म्हणून दाखवले. त्यात आपला रानपिंगळा, म्हणजे छोटं घुबडही होतं. खानदेशात जेम्स डेव्हिडसननं मिळवलेला नमुना या गृहस्थानं १९१४ साली गुजरातेत आपण मिळवला असं लिहून ठेवलं. पुढं लोक त्या चिठ्ठीच्या भरवशावर भलत्याच ठिकाणी हा पक्षी शोधत बसले. लबाडी उघड झाल्यावर जुन्या, खऱ्या जागांकडं नजर वळली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. १८८४ नंतरची ही पहिली खात्रीची नोंद. आता याला थाप म्हणणार का?

नांदेडकर

नाही. ती चोरी. पण चहा पिताना हुकलेली तुतारी आणि तो साहेब एका मापानं मोजू नका राव.

हिंगोलीकर

एक फरक राहून जातोय. चुकून हिरवीला ठिपकेवाली लिहिणं ही चूक, आमच्या सगळ्यांच्या वह्या अशा चुकांनी भरल्यात. नुसता आवाज ऐकून लिहिणंही चालतं, ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ऐकलेला पक्षी धरतात. गटातल्या एकालाच दिसलेला पक्षी बाकी चौघांनी आपल्या यादीत ठेवणं मात्र मला पटत नाही, आणि ते सर्रास चालतं. याला लबाडीच म्हणेन, हलकीशी. ‘लबाडाघरचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही’ म्हणतात, तशा काहींच्या याद्या असतात. फोटो पाहिल्याशिवाय कुणी मानत नाही.

परभणीकर

मग मला ‘इमान’च बरं वाटतं. गोट्या खेळताना पंच नसायचा. नेम लागला की नाही ते लांबून दिसलं नाही, तर आम्ही समोरच्यालाच विचारायचो, “इमानानं सांग, लागली का न्हाई?” ज्याचं नुकसान व्हायचं त्यालाच निकाल द्यायला लावायचो! आणि गंमत म्हणजे बहुतेक पोरं “लागली” म्हणायची. ‘प्रामाणिकपणे सांग’ असं कुणी कधी म्हटलं नाही. त्यात ‘प्रमाण’ आहे, म्हणजे पुरावा आला, आणि गोट्यांच्या गलीपाशी (खड्ड्यापाशी) कसला पुरावा. पाणथळीतही तेच. तिथं तुम्ही, दुर्बीण आणि उडून गेलेला पक्षी.

बीडवाली

हे पटलं. आजी आमची ‘इमान’ शब्द जनावरालाही लावायची. “बैल इमानी हाय.”

मूळ प्रश्नकर्ता

काल पठ्ठ्याला हा सगळा धागा वाचून दाखवला. लातूरकरांच्या साहेबापाशी आल्यावर तो हसला, “मला एकदम त्याच्या पंगतीला बसवलंत व्हय!” मी परभणीकरांचं वाक्य तसंच टाकलं: “इमानानं सांग, दिसली का न्हाई?”

थोडा वेळ गप्प. मग वही मागितली, दोन्ही तुताऱ्यांवर काट मारली आणि खाली लिहिलं, “तुतारी १, कोणती ते कळलं नाही. चहा चालू होता.”

खालच्या ओळीत ‘चक्रवाक ४०’ आहेत. ते कुणी मोजले, हे अजून विचारलेलं नाही.