चार वर्षांच्या पोरीवर पोर्ट्रेट शिकून राहिली आहे, पण ती थांबतच नाही ना!

मनीषनगरची_आई

नमस्कार मंडळी. कॅनन १५००डी कॅमेरा घेतला आहे, सेकंडहँड, सोबत १८-५५ एमएमची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबतच येते ती साधी झूम. लग्नाबिग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या नाहीत मला, बाहेरच्या उजेडात माणसांचे चांगले पोर्ट्रेट जमावेत एवढंच डोक्यात आहे आणि फुकटात मिळणारी मॉडेल घरात एकच, आमची चिऊ, चार वर्षांची.

संध्याकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर नेते तिला. तलावाकडे पाठ करून उभी केली की मागचं आकाश एकदम मस्त येते पण पोरगी काळीकुट्ट. मग उलटं फिरवून तलावाकडे तोंड केलं की ऊन डोळ्यात जाते आणि ती डोळेच उघडत नाही. बरं हे जमवेपर्यंत ती भेळवाल्याकडे पळालेली असते, मग मागून पळत पळत काढलेले सगळे फोटो हललेले. "चिऊ इकडे बघ, स्माईल दे" म्हटलं तर असे दात दाखवते की डेंटिस्टला पाठवावे ते फोटो. आणि आता तर कॅमेऱ्याची बॅग दिसली तरी "आई फोटो नको" सुरू होते.

तर मोड कोणता ठेवू, ५० एमएम लेन्स लगेच घेऊ का, आणि पोरीला थांबवायचं कसं? नवरा म्हणतो मोबाईलमध्ये पोर्ट्रेट मोड आहे ना, कशाला एवढा उपद्व्याप. त्याला काय उत्तर देऊ तेही सांगा 😀

जुना_फिल्मवाला

ताई, फुटाळ्याचं आधी सांगतो. आपण चौपाटीच्या बाजूला उभे राहतो आणि सूर्य समोर पाण्यापलीकडे मावळतो, म्हणजे पाण्याकडे पाठ केली की पोरीच्या मागे सगळा उजेड आणि तोंडावर काहीच नाही. कॅमेरा ते उजळ आकाश बघून फोटो डार्क करतो, त्याला काय माहीत तुम्हाला आकाश पाहिजे की चिऊ. तिथं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सेटिंग, प्लस एक किंवा दीडवर न्या, आकाश थोडं पांढरं होईल, होऊ द्या, पोर्ट्रेट आकाशाचं नाही. पण खरी गंमत सूर्य बुडाल्यावर आहे. लोक सेल्फी काढून गाडीकडे वळतात ना, तेव्हा थांबा. तेव्हा पोरीचं तोंड पश्चिमेकडे करा. सगळं आकाशच मोठा मऊ दिवा झालेलं असते, डोळे मिटायचं कारण नाही, आणि डोळ्यात त्या आकाशाची छान चमक येते. पंधरा-वीस मिनिटं मिळतात फार तर. मेमध्ये सूर्यास्त पावणेसातच्या आसपास, डिसेंबरात साडेपाचलाच, त्या हिशोबानं निघा घरून.

दुसरं म्हणजे रोज फुटाळा कशाला? तुमच्या घराचा पोर्च घ्या. पोरीला पोर्चच्या कडेशी उभं करा, सावलीच्या आत एक पाऊल, तोंड बाहेर रस्त्याकडे. वरचा उजेड स्लॅब अडवते, समोरून आकाशाचा आणि समोरच्या भिंतीचा उजेड येते. समोर पांढरी भिंत असेल आणि तिच्यावर ऊन पडत असेल तर मग स्टुडिओच आहे तो, भाडं न देता. झाडाखाली मात्र सांभाळून. कडुनिंबाखाली सावली वाटते पण पानांतून उन्हाचे ठिपके पडतात, नाकावर एक, गालावर एक, ते नंतर कशानेच जात नाहीत.

भर दुपारी तर नागपुरात नकोच. मेच्या शेवटी आपल्याकडे शून्य सावली दिवस असतो, सूर्य अगदी डोक्यावर, डोळ्यांच्या खोबणीत अंधार आणि नाकाखाली सावलीची मिशी. वरून नवतपा, मेअखेरचे ते नऊ तापते दिवस. लेकराला त्यात उभं करणं म्हणजे फोटोग्राफी नाही, शिक्षा आहे.

लेन्स आत्ता घेऊ नका. किट लेन्स ५५ वर ठेवा, चिऊ दीड-दोन मीटरवर, आणि तिच्या मागची भिंत किंवा झुडूप जितकं लांब तितकं चांगलं. बॅकग्राउंड लांब असलं की एफ ५.६ ला पण बऱ्यापैकी धूसर होते (एफ म्हणजे लेन्सचं भोक, आकडा लहान तितकं भोक मोठं). १८ वर ठेवून जवळ जाऊ नका, नाक मोठं आणि कान गायब.

रविनगर_दादा

वरच्या काकांशी लाइटच्या बाबतीत शंभर टक्के सहमत पण लेन्सबाबत नाही. काका, तुम्हीच सांगून राहिले की सूर्य बुडाल्यावर काढा, आणि तेव्हाच किट लेन्स दम तोडते ना. ५५ ला ती एफ ५.६ च्या पुढे उघडतच नाही. ५० ची एफ १.८ वाली लेन्स एफ २ वर ठेवली तर तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) म्हणजे आठपट उजेड आत येतो, जिथं आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड पकडायची ताकद, १६०० लागत होता तिथं २०० मध्ये काम होते. पळणाऱ्या पोरीसाठी हा फरक छोटा नाही.

फक्त ताई, लेन्स घेतली की लगेच एफ १.८ वर सुरू होऊ नका, सगळे तेच करतात. १५००डी वर दीड मीटरवरून एफ १.८ ला जेमतेम सहा सेंटीमीटर भाग शार्प राहतो, पोरीनं मान हलवली की डोळा गेला. एफ २.८ ला ठेवा.

मोड म्हणाल तर पोर्चमध्ये शांत बसली असेल तर एव्ही, म्हणजे एफचा आकडा तुम्ही ठरवायचा. खेळत असेल तर टीव्ही मोड, म्हणजे शटरचा वेग तुम्ही ठरवायचा, शटर १/५०० सेकंद, आयएसओ ऑटो. जोरात पळत असेल तर १/१०००. फोकस पॉइंट ऑटोवर ठेवला की कॅमेरा त्याला जे जवळचं दिसेल ते पकडतो, हात, फुगा, काहीही. एकच पॉइंट निवडा, मधला. या बॉडीत नऊ पॉइंट आहेत पण मधलाच सगळ्यात भरवशाचा. तो जवळच्या डोळ्यावर. नवीन मिररलेससारखा डोळा आपोआप धरायची सोय व्ह्यूफाइंडरमधून या कॅमेऱ्यात नाही, ते तुम्हालाच करावं लागेल, आणि खरं सांगू तर हात त्यानेच बसतो. एआय सर्व्हो लावा, म्हणजे हलत्या पोरीवर फोकस सतत फिरत राहतो, आणि बर्स्ट लावा, म्हणजे एका दाबात पटापट बरेच फोटो.

एक जुगाड सांगतो. झोपाळा. बागेतल्या झोपाळ्यासमोर थोडं बाजूला बसा. झोका पुढे येऊन परत फिरतो तिथं क्षणभर थांबतोच थांबतो. त्या जागेवर आधीच फोकस करून ठेवा आणि तिथं आली की दाबा. पोरगी आपल्याच नादात असते, हसू खरं असते, आणि पळून जायचा प्रश्न नाही.

जिजाजींना सांगा, मोबाईलचा पोर्ट्रेट मोड मागचं सॉफ्टवेअरनं पुसतो, उडणारे केस पण सोबत पुसतो. चिऊच्या झिपऱ्या बघा झूम करून.

दोन_पोट्ट्यांची_माय

वरती दोघंही लेन्स आणि लाइटवर सुटले पण खरा प्रश्न तर राहूनच गेला ना बापा. पोट्टी "नको" म्हणून राहिली आहे. काहून? कारण तुम्ही तिला उभं करून मग सेटिंग करत बसता. चार वर्षांचं लेकरू पाच मिनिटं देते, लय झालं तर दहा. ती पाच मिनिटं तुम्ही डायल फिरवण्यात घालवली तर तिच्या हिशोबानं फोटो म्हणजे उन्हात उभं राहून आईची बोलणी खाणं. मग बॅग दिसली की पळणारच.

म्हणून शिकायचं ते तिच्यावर शिकूच नका. सेटिंगचा सराव नवऱ्यावर करा! माणूस उभा राहतो, हलत नाही, मोबाईल बघत बसतो, आणि वरून स्वतःच म्हणाला ना कशाला उपद्व्याप, तर भोगा आता. त्याला पोर्चमध्ये उभं करा, एक्स्पोजर, फोकस, मागचं काय दिसते, सगळं लावून घ्या. पण त्याला खुर्चीवर किंवा पायरीवर बसवा, चिऊच्या उंचीला, नाहीतर सगळं बदलते. सगळं जमलं की मग चिऊला हाक मारा. आली, दोन-तीन मिनिटं काढले, गेली. ती "नको" म्हणाली तर त्या दिवशी खरंच नको, कॅमेरा आत. माह्या पोरानं मधे बरेच दिवस कॅमेऱ्याकडं पाहिलंच नाही, मी पण काढले नाहीत, मग एक दिवस स्वतःच आला, माझा काढ म्हणे.

"स्माईल दे" बंद करा आजपासून. हाताला काम द्या. संत्रा सोलायला द्या, तिचा आंबट तोंडाचा फोटो तुम्ही जन्मभर ठेवाल. आणि तुम्ही खाली बसा, मांडी घालून, तिच्या डोळ्यांच्या लेव्हलला. उभ्यानं काढलं की डोकं मोठं, पाय बारके. कपडे धुवावे लागतील, लागू द्या.

तान्हा पोळा सोडू नका. आभाळ बहुतेक भरून असते, पोट्टे नटूनथटून आपला लाकडी नंदी ओढण्यात आणि बोजारा, म्हणजे मोठ्यांनी दिलेले पैसे, मोजण्यात गुंग, कोणाला कॅमेरा दिसतच नाही. फक्त ढगाळ उजेड वरून येते, डोळे काळे येतात, म्हणून मान वर करून कोणाशी बोलत असतात तेव्हा टिपायचं. कोणी मोठा माणूस बोजारा देत असला की पोट्ट्यांची मान आपोआप वर असते.

आणि ताई, हे फोटो ग्रुपवर, फेसबुकवर टाकताना शाळेचा ड्रेस, आयकार्ड, घराचं गेट दिसू देऊ नका. आंघोळीचे, उघड्या अंगाचे तर टाकूच नका. आज तिला कळत नाही, उद्या कळेल.

मनीषनगरची_आई

मावशी, नवऱ्याला पायरीवर बसवलं 😂 तोंड वाकडं करून बसला पण बसला. सगळं लावून झालं मग चिऊला पोर्चमध्ये संत्रा घेऊन बसवलं. आंबट तोंडाचा मिळाला! डोळे दोन्ही शार्प. बॅग बघून पळाली नाही यावेळी, कारण बॅग आधीच आत ठेवली होती.

एक शंका. सेमिनरी हिल्सला बालोद्यानात झाडांच्या गर्द सावलीत, गवतावर बसवून काढले, उन्हाचे ठिपके पण नव्हते, तरी चेहरा हिरवट, आजारी दिसते. पोर्चमधले चांगले आले. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची झाक सुधारायची सेटिंग, ऑटोच आहे दोन्हीकडे.

जुना_फिल्मवाला

गवताचा प्रताप. वरून पानांतून गाळून आलेला हिरवा उजेड आणि खालून गवतावरून उसळलेला हिरवा उजेड, मधे पोरगी. ऑटो व्हाइट बॅलन्स पिवळं-निळं बरं सांभाळतो, हिरव्यात गडबडतो. सावलीच्या कडेला आणा तिला, जिथून उघडं आकाश दिसते, आणि गवताऐवजी मातीच्या वाटेवर किंवा फरशीवर बसवा. तुमचा पांढरा दुपट्टा असेल तर तिच्यासमोर जमिनीवर पसरा, फ्रेमच्या बाहेर, खालून स्वच्छ उजेड येते आणि हनुवटीखालची सावली पण भरून निघते. लाल भडक फ्रॉक घातला तर गळ्यावर लाल झाक येईल, तोही तसाच प्रकार. आणि रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढत जा, हिरवटपणा नंतर एका स्लायडरवर निघतो, जेपेगमध्ये ओढाताण होते.

रविनगर_दादा

आणि काका नाही म्हणत असले तरी ५० घ्यायची झालीच तर सेकंडहँड चालेल, एसटीएम वाली बघा, म्हणजे शांत फोकस मोटरची नवी. तिच्या आधीची टू वाली स्वस्त मिळते पण माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायचा भाग, प्लॅस्टिकचा आणि फोकस करताना कुरकुर आवाज, चिऊ आवाजाकडेच बघत बसेल. घेण्याआधी लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारून आत बघा, जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी आहे, कितीही स्वस्त देत असला तरी सोडा.

दोन_पोट्ट्यांची_माय

आणि नवऱ्याचे जे फोटो निघाले ते पण टाका ना इथं, त्याची परवानगी घेऊन.