जपानचा कायम निवास आणि वर्षाहून लांबणारा भारतातला मुक्काम: पुनर्प्रवेश परवाना घ्यावा का?

प्रश्न
नमस्कार. मी ११ वर्षे जपानमध्ये राहतो आणि माझ्याकडे कायम निवासाचे झाइर्यू कार्ड (परदेशी रहिवाशाचे ओळखपत्र) आहे. वडिलांच्या आजारपणामुळे पुढच्या महिन्यात मी आणि पत्नी दोघे भारतात जात असून मुक्काम चौदा-पंधरा महिन्यांपर्यंत लांबेल, असे डॉक्टरांच्या बोलण्यावरून दिसते. आजवर विमानतळावरच्या निर्गमन पत्रकात ‘विशेष पुनर्प्रवेश’ (वेगळा परवाना न घेता परत येण्याची सवलत) या चौकटीत खूण करण्यापलीकडे मला काही करावे लागले नाही. या वेळीही तेवढे पुरेल का? नाहीतर भारतात गेल्यावर दूतावासातून मुदत वाढवून घेता येईल का? पत्नीचा दर्जा कायम निवासीच्या जोडीदाराचा असून त्याची मुदत आठ महिन्यांनी संपते.

उत्तर १
तेवढे पुरणार नाही. ९ जुलै २०१२ रोजी सुरू झालेल्या या सवलतीत निघाल्यापासून एका वर्षाच्या आत परत यावे लागते, आणि निवासाची मुदत त्याआधी संपत असेल तर ती संपण्यापूर्वी. ही मुदत परदेशातून वाढवता येत नाही, मग कारण आजारपणाचे असो वा विमान रद्द झाल्याचे. निघण्यापूर्वी इमिग्रेशन कार्यालयातून रीतसर पुनर्प्रवेश परवाना घ्या. त्याची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे असते. तो संपत आला आणि परतणे खरोखरच शक्य नसले, तर जपानी दूतावासात वाढीसाठी अर्ज करता येतो. ही वाढ एका वर्षापर्यंत मिळते आणि एकूण मुदत सहा वर्षांच्या पुढे जात नाही.

उत्तर २
वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. माझ्या एका परिचिताने आईच्या शुश्रूषेसाठी जाताना केवळ चौकटीवर विसंबून राहण्याची चूक केली, परतायला वर्षाच्या वर थोडेच दिवस झाले, आणि अनेक वर्षांच्या वास्तव्यानंतर मिळवलेला कायम निवास गेला. त्यांना नव्या व्हिसापासून सुरुवात करावी लागली, म्हणून हे कळकळीने लिहितो आहे.

परवाना एकवेळचा किंवा अनेकवेळचा असतो. १ एप्रिल २०२५ पासून कार्यालयात अर्ज केल्यास एकवेळच्या परवान्याला ४,००० येन आणि अनेकवेळच्या परवान्याला ७,००० येन शुल्क पडते, आणि ते महसुली तिकिटांच्या रूपात भरावे लागते. आपण अनेकवेळचाच घ्यावा असे मला वाटते, कारण एकवेळचा परवाना जपानमध्ये पहिल्यांदा परतताच संपतो आणि पत्नीच्या कामासाठी आपल्याला मध्येच यावे लागण्याची शक्यता आहे.

उत्तर ३
पत्नीचा मुद्दा वेगळा आहे आणि तो अधिक तातडीचा आहे. परवान्याची मुदत निवासाच्या मुदतीपलीकडे जात नाही, त्यामुळे पाच वर्षांचा परवाना त्यांना मिळणारच नाही. नूतनीकरणाचा अर्ज साधारणपणे मुदत संपण्याच्या तीन महिने आधीपासून आणि जपानमध्ये असतानाच करता येतो. म्हणजे त्यांनी सहाव्या-सातव्या महिन्यात एकदा परत येऊन हे काम उरकणे हाच सुरक्षित मार्ग आहे. आपल्या स्वतःच्या कार्डाचीही मुदत तपासा, कारण कायम निवास बेमुदत असला तरी कार्ड सात वर्षांचे असते, आणि दीर्घ प्रवासासारख्या कारणासाठी ते नेहमीच्या वेळेआधी बदलून मिळू शकते.

शिवाय निघताना परवान्याची चिकटपट्टी असलेले पारपत्राचे पान अधिकाऱ्याला आपणहून दाखवा आणि सवयीने विशेष पुनर्प्रवेशाच्या चौकटीत खूण करू नका. नाहीतर आपले निर्गमन त्या एक वर्षाच्या सवलतीखाली नोंदले जाऊ शकते.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर
सर्वांचे मनापासून आभार. माझ्या कार्डाची अजून चार वर्षे बाकी आहेत. सोमवारी दोघांची कार्डे आणि पारपत्रे घेऊन मी कार्यालयात जात आहे आणि अनेकवेळच्या परवान्याचाच अर्ज करणार आहे. पत्नीच्या परतीचे तिकीट सातव्या महिन्याचे काढतो. वॉर्ड कार्यालयात स्थलांतराची नोंद केल्यास कायम निवासाला धक्का बसतो का, एवढीच शंका उरली आहे.

उत्तर ३
बसत नाही. ती नोंद पत्त्याची असते आणि निवासाचा दर्जा इमिग्रेशनच्या नोंदीवर ठरतो. कार्ड जवळ ठेवा आणि परतून नवा पत्ता ठरला की १४ दिवसांच्या आत तेच दाखवून पुन्हा नोंद करा. वडिलांना लवकर बरे वाटो.