सिम्युलेटरवर शिकलेला परफ्युजनिस्ट कितपत भरवशाचा?

होटगी रोड, परफ्युजनिस्ट
‘परफ्युजनिस्ट टेबलाशेजारीच घडतो, सिम्युलेटर म्हणजे कोरड्या जमिनीवर पोहण्याचे धडे, सोलापुराने त्यावर पैसा घालवू नये,’ हे काल येथे मांडलेले मत वाचून गप्प राहवले नाही. परफ्युजनिस्ट म्हणजे शस्त्रक्रियेच्या टेबलाशेजारी बसून हृदय-फुप्फुसांचे काम करणारे यंत्र चालवणारा, आणि सिम्युलेटर म्हणजे रुग्णाशिवाय त्याचा सराव देणारे साधन. पंपाचा प्रवाह मिनिटाला 5 लिटर आहे, रिझर्व्हॉयरमध्ये, म्हणजे यंत्राच्या साठवण टाकीत, 500 मिलिलिटर रक्त आहे आणि त्याच क्षणी व्हीनस लाइनमध्ये, म्हणजे रुग्णाचे रक्त यंत्रात आणणाऱ्या नळीत, एअर लॉक झाला (हवेने प्रवाह अडला), तर रिझर्व्हॉयर रिकामा व्हायला 6 सेकंद लागतात. तेवढ्यात प्रवाह कमी केला नाही, तर रुग्णाच्या महाधमनीकडे हवा जाऊ शकते. पातळी घसरली की वाजणारा लेव्हल अलार्म असतो हे मान्य, पण तो जोडून चालू ठेवणारा माणूसच असतो. टेबलाशेजारी शिकणाऱ्या मुलाच्या वाट्याला असा प्रसंग कधी येणार? आलाच, तर वरिष्ठ त्याला बाजूला सारून पंप स्वतःच्या हाती घेतात, आणि ते योग्यच आहे. म्हणजे ज्या घडीला हात तयार असायला हवेत, तीच घडी त्याने दुरून पाहिलेली असते. चालू शस्त्रक्रियेत ऑक्सिजनेटर (रक्तात ऑक्सिजन मिसळणारा भाग) बदलण्याचेही तसेच आहे. नळ्या क्लॅम्प करून कापायच्या, नवा जोडायचा, हवा काढायची आणि हे सारे होईपर्यंत रक्तप्रवाह बंद. ते कौशल्य पहिल्यांदा जिवंत माणसावर आजमावायचे का?

विजापूर रोड, कालच्या मताचा लेखक
माझे वाक्य तेवढे उचललेत, त्यामागचे कारण वगळलेत. सिम्युलेटरमध्ये रंगवलेले पाणी फिरते आणि पाणी गोठत नाही. हेपारिन (रक्त गोठू न देणारे औषध) देऊनही एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, 480 सेकंदांच्या वर जात नाही, तेव्हा बायपासवर, म्हणजे यंत्रावर, जाण्यास ‘थांबा’ म्हणायला जी छाती लागते, ती पाण्याने येत नाही. व्हीनस लाइनमधल्या रक्ताचा रंग काळवंडू लागलेला ओळखणे, ‘हृदय फुगतंय’ हे सर्जनचे शब्द कानावर पडताच व्हेंटकडे (हृदयात साचलेले रक्त ओढून घेणाऱ्या नळीकडे) पाहणे, ही नजर टेबलाशेजारीच येते. सिम्युलेटरवर उत्तम शेरा मिळवून आलेला एक तरुण प्रोटामिन (हेपारिनचा परिणाम उतरवणारे औषध) सुरू झाल्यावरही पंप सक्शन (सांडलेले रक्त यंत्रात परत ओढणे) चालू ठेवून उभा होता. भूलतज्ज्ञ बाई ओरडल्या म्हणून सर्किटमध्ये (यंत्राच्या नळ्यांत) गुठळ्या झाल्या नाहीत.

होटगी रोड
तो दोष त्याला शिकवणाऱ्यांचा आहे. प्रोटामिनची घोषणा होताच सक्शन बंद करणे हा सरावाचाच भाग करता येतो. हे यंत्र घडवणारे अमेरिकन सर्जन जॉन गिबन यांनी 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात एका तरुणीला 26 मिनिटे यंत्रावर ठेवून तिच्या हृदयातील छिद्र बुजवले, त्याआधी कित्येक वर्षे ते मांजरांवर आणि कुत्र्यांवर प्रयोग करत होते. यंत्र घडवणारा माणूस थेट रुग्णापासून सुरुवात करत नव्हता, मग आपणच का करावी?

शेळगी, निवृत्त ओटी तंत्रज्ञ
आपण दोघेही हँड क्रँक, म्हणजे पंप हाताने फिरवण्याचा दांडा, विसरलात. भारनियमनाच्या काळात आमच्याकडे वीज गेली, जनरेटर लवकर उचलेना, आणि रोलर (नळी दाबत रक्त पुढे ढकलणारा पंप) हाताने फिरवावा लागला. अर्धा इंची नळीत रोलरच्या एका फेऱ्याला साधारण 45 मिलिलिटर रक्त पुढे जाते. 4 लिटरसाठी मिनिटाला नव्वदच्या आसपास फेरे हवेत. दोघे आळीपाळीने फिरवत होतो आणि तिसरा टॉर्च धरून रिझर्व्हॉयरची पातळी मोठ्याने सांगत होता. पंपावरील बाणाच्या उलट दिशेने फिरवले तर काय होईल, हे आजच्या मुलांना विचारून पाहा.

अशोक चौक, बायोमेडिकल इंजिनिअर
काका, आदर राखून सांगतो, आजच्या यंत्रांत बॅटरी असते. क्रँकच्या कथांनी मुलांना घाबरवण्यापेक्षा बॅटरीची चाचणी वेळेवर करून घ्यावी.

शेळगी
बॅटरी असते, हे मलाही ठाऊक आहे. ती शेवटची कधी तपासली, याची नोंद किती ठिकाणी दाखवता येईल, ते आपणच सांगा. रुग्ण टेबलावर असताना ‘कथा’ हा शब्द वापरणाऱ्याने एकदा तरी क्रँक हातात धरावा.

होटगी रोड
इंजिनिअर साहेब, आपण अर्धीच बाजू मांडलीत. सेंट्रिफ्युगल पंप (नळी न दाबता रक्त गरगर फिरवून ढकलणारा) थांबला की रक्त उलटे वाहू लागते आणि कॅन्युलाच्या (रक्तवाहिनीत घातलेल्या नळीच्या) टाक्यांजवळून हवा आत खेचली जाण्याचा धोका असतो. म्हणून क्रँकला हात घालण्याआधी आर्टेरियल लाइन (रुग्णाकडे रक्त नेणारी नळी) क्लॅम्प करायची. रोलर नीट ऑक्लूजिव्ह, म्हणजे नळी पुरती दाबणारा, असेल तर असे होत नाही. हा क्रम अंगवळणी पडायला वीज मुद्दाम घालवावी लागते, आणि ती सिम्युलेटरवरच घालवता येते.

अशोक चौक
क्लॅम्पचा मुद्दा मान्य. बॅटरी तपासणीच्या नोंदींबद्दलही काका चूक म्हणत नाहीत. ‘कथा’ हा शब्द मागे घेतो, पण रोज क्रँक घोकण्याची गरज मला अजूनही पटत नाही.

जुळे सोलापूर, परफ्युजनची विद्यार्थिनी
आपण सारे वरिष्ठ आहात, तरी बोलते. सिम्युलेटरच्या कार्यशाळेसाठी आम्हाला पुण्याला किंवा हैदराबादला जावे लागते. शुल्क, प्रवास, राहणे हे सगळे विद्यावेतनातून भागत नाही. इकडे टेबलाशेजारी ट्यूबिंगची खोकी उघडण्यात आणि रक्तपेढीत धावण्यातच दिवस जातो, प्राइमिंगलाही (नळ्या द्रवाने भरून हवा काढण्याला) हात लावू देत नाहीत. मग मी घडायचे कुठे?

विजापूर रोड
बाईंचा प्रश्न मला लागला. ऑक्सिजनेटर बदलणे, एअर लॉक आणि वीज जाणे, एवढ्यापुरता टेबलाबाहेरचा सराव मी मान्य करतो. त्याआधारे कोणालाही एकट्याने पंपावर बसवण्यास माझा विरोध कायम आहे. ऑर्फियससारखा संगणकीय सिम्युलेटर आपल्याला परवडणारा नाही, हेही मी मागे घेत नाही.

होटगी रोड
एकट्याने बसवा, असे मी कुठेच म्हटलेले नाही. संगणकीय सिम्युलेटर नसला तरी मुदत संपलेला ऑक्सिजनेटर, जुनी ट्यूबिंग, रुग्णाच्या जागी पाण्याची पिशवी आणि रविवारी रिकामा असलेला पंप एवढ्यावर हे तिन्ही प्रसंग उभे करता येतात. ते सर्किट रुग्णाच्या साहित्यात मिसळू नये म्हणून त्यावर लाल अक्षरांत ‘फक्त सरावासाठी’ लिहावे आणि ते वेगळ्या कपाटात ठेवावे.

शेळगी
क्रँक मी शिकवीन. बाई, येताना तुमच्या वर्गातल्या मुलांनाही घेऊन या.

विजापूर रोड
साहित्य बाहेर काढण्याआधी मुदत संपल्याची नोंद स्टोअरच्या रजिस्टरमध्ये झाली पाहिजे. तेवढे झाले, तर ऑक्सिजनेटर बदलताना घड्याळ लावून मी स्वतः उभा राहीन.