चीनमधली हॉटेलं परदेशी पासपोर्टला नाही म्हणतात : चूक हॉटेलची की न विचारता जाणाऱ्याची?

सोलापूरकर_प्रवासी
डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या गावचे. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथेच १९४२ मध्ये वारले, आणि शिज्याच्वांग शहरातल्या शहीद स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. आम्ही काही सोलापूरकर मुद्दाम तिथे गेलो होतो. शिज्याच्वांगमध्ये काही अडचण आली नाही. पुढे तांग्श्यान तालुक्याला गेलो, जिथे त्यांनी काम केलं आणि अखेरचा श्वास घेतला. तिथे ॲपवरून पैसे भरून बुकिंग केलेलं, कन्फर्म झाल्याचा मेसेजही होता. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट पाहिले, कुणाला तरी फोन केला आणि हाताने 'नाही' केलं. शेजारच्या दोन हॉटेलांत तेच. आमच्यात सत्तरी ओलांडलेल्या दोन बायका होत्या. शेवटी रात्री टॅक्सी करून बाओडिंग शहर गाठलं.

परत आल्यावर मी नियम शोधून वाचले. परदेशी माणूस हॉटेलात उतरला की त्याची नोंद पोलिसांकडे पाठवायची, हे काम चीनच्या कायद्याने हॉटेलवरच टाकलंय. २०१३ पासून लागू असलेल्या प्रवेश-निर्गमन कायद्याचं ३९ वं कलम पाहा. परदेशी लोकांसाठी ठराविक हॉटेलं ठेवण्याची जुनी पद्धत त्याच्याही बरीच आधी बंद झाली. वर २०२४ मध्ये तिथल्या सरकारने स्पष्ट सांगितलं की 'आमच्याकडे परवानगी नाही' असं कारण देऊन हॉटेलांनी परदेशी पाहुण्याला परत पाठवू नये. मग आम्हाला परत पाठवलं ते कशाच्या आधारावर? माझं मत ठाम आहे : यात प्रवाशाचा काडीचाही दोष नाही. हॉटेलने आणि पैसे घेणाऱ्या ॲपने भरपाई दिली पाहिजे.

मालवणचो_लॉजवालो
दादा, तुमच्या बरोबरच्या वडीलधाऱ्यांना त्रास झाला, वाईट वाटलं. पण दुसऱ्या बाजूने सांगतो, कारण मी त्या काउंटरच्या पलीकडे बसतो.

आपल्याकडेही परदेशी पाहुणा आला की २४ तासांत ऑनलाइन माहिती भरावी लागते. सी फॉर्म म्हणतो आम्ही त्याला. पासपोर्ट, व्हिसा, फोटो, कुठून आला, कुठे जाणार, सगळं. त्यासाठी आधी लॉजची वेगळी नोंदणी करावी लागते. माझ्याकडे आठ खोल्या, एक मुलगा कामाला, आणि मे महिन्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. एक रकाना चुकला तर पोलीस ठाण्यातून फोन मला येतो, पाहुण्याला नाही. तो तोवर गोव्याला पोचलेला असतो. तांग्श्यानच्या त्या मुलीला हीच भीती असणार. सरकारने कागद काढला म्हणून तिच्या मालकाची भीती जात नाही. आधी एक फोन केला असता तर दोघांचाही वेळ वाचला असता.

सोलापूरकर_प्रवासी
फोन कोणत्या भाषेत करायचा, मालक? आणि कन्फर्म झालेलं बुकिंग पुन्हा विचारून घ्यायचं असेल तर कन्फर्म कशाला म्हणायचं?

यीवू_ग्वांगचौ_फेऱ्या
मी मालाच्या खरेदीसाठी कायम जातो. धागाकर्त्याशी असहमत.

यीवूमध्ये जगभरचे व्यापारी उतरतात, तिथल्या साध्या हॉटेलातली पोरंही भारतीय पासपोर्ट पाच मिनिटांत भरून मोकळी होतात. ग्वांगचौला कँटन फेअरच्या वेळी, म्हणजे वसंतात आणि शरदात, खोलीचा भाव चढतो पण नकार क्वचितच. अडचण तालुक्याच्या गावात आणि शहरातल्या अगदी स्वस्त हॉटेलात. हे माहीत असताना तिथे बुकिंग करायचं आणि मग हक्काची भाषा बोलायची, हे मला पटत नाही. रात्री अकरा वाजता कलम ३९ दाखवून कुणी चावी देत नाही.

माझी रीत सांगतो. बुकिंग झालं की ॲपमधल्या चॅटवर किंवा मेलवर हॉटेललाच चिनीत लिहायचं : 'आम्ही भारतीय पासपोर्टवर इतकेजण अमुक तारखेला येतोय, चालेल ना?' भाषांतर ॲप पुरेसं आहे. उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवायचा. उत्तर आलं नाही तर फुकट रद्द करता येईल तोवर रद्द करायचं. ट्रिप डॉट कॉमवर काही हॉटेलांच्या माहितीत फक्त मुख्यभूमीच्या चिनी नागरिकांना प्रवेश असल्याचं लिहिलेलं असतं, तेवढं वाचायचं. आणि लहान गावाला जायचंच असेल तर जवळच्या मोठ्या शहरात मुक्काम करून दिवसा जाऊन यायचं. बाओडिंगहून तांग्श्यान तासाभराचं आहे, तुम्हीच तो रस्ता रात्री पार केलात.

लेक_शिकते_चीनमध्ये
मुलगी तिकडे एमबीबीएसला आहे, म्हणून लिहिते. यीवूवाल्या दादांचं तंत्र उपयोगी आहे, पण त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. व्यापारी माणूस मोठ्या शहरात उतरतो, त्याला तिथे ओळखतात. आई-बाप जिथे मुलं शिकतात तिथे जातात. मला विद्यापीठाजवळच्या हॉटेलातून परत पाठवलं, तेव्हा मुलीने तिच्या भाड्याच्या घरी नेलं. घरी उतरलं की नोंद आपणच करायची असते, २४ तासांत जवळच्या पोलीस चौकीत जाऊन, घरमालकाचे कागद घेऊन. नाही केली तर ताकीद किंवा २००० युआनपर्यंत दंड. शिवाय मुलीलाच पुढे निवास परवान्याच्या वेळी त्रास होईल ही धास्ती वेगळी. म्हणजे हॉटेलने आपलं काम टाळलं की ते काम आणि जोखीम दोन्ही आपल्या अंगावर येतात. हे साधं गैरसोयीचं प्रकरण नाही.

शांघायस्थित_पुणेकर
इथे राहतो, नेमकं काय अडतं ते सांगतो. चिनी पाहुण्याचं ओळखपत्र यंत्रावर ठेवलं की माहिती आपोआप भरते. परदेशी पासपोर्टला वेगळं पान उघडावं लागतं, आणि नाव, व्हिसाचा प्रकार, देशात कधी आणि कुठून आला, हे बहुतेक ठिकाणी हाताने भरावं लागतं. ज्या हॉटेलात वर्षात एखादाच परदेशी येतो तिथे रात्रपाळीच्या माणसाला ते पान कुठे आहे हेच माहीत नसतं. आपल्याविषयी त्याच्या मनात काही वाईट असतंच असं नाही.

म्हणून मी भांडत नाही, पण निघूनही जात नाही. काउंटरवर शांतपणे सांगतो की मी थांबतो, तुम्ही पोलीस चौकीला विचारा. पुष्कळदा तिकडून फोनवर सांगतात आणि नोंद होते. १२३६७ हा इथल्या इमिग्रेशन प्रशासनाचा क्रमांक २४ तास चालतो, इंग्रजीतही बोलतात. मालवणच्या दादांना एक सांगायचंय : इथल्या कायद्यात परदेशी पाहुण्याची नोंद न पाठवणाऱ्या हॉटेलला ताकीद, आणि प्रकरण गंभीर असेल तर १००० ते ५००० युआन दंड आहे. भीती खरी आहे. पण ती नोंद न करण्याबद्दल आहे. पाहुणा ठेवण्याबद्दल कुणी दंड करत नाही. नोंद करायला शिकणं हा त्यावरचा उपाय झाला.

एडिसन_न्यू_जर्सी
हा शेवटचा मुद्दा मालवणच्या मालकांना मीही सांगणार होते. माझं माहेर देवगडचं. अमेरिकन पासपोर्ट घेऊन मुलांसह कोकणात येते तेव्हा लॉजवर मराठीत छान गप्पा होतात, आंबे विचारून होतात, आणि पासपोर्ट काढला की चेहरा बदलतो. 'ताई, तुमचं आम्हाला नाही जमायचं.' स्वतःच्या गावाजवळ खोली नाकारली जाते तेव्हा काय वाटतं ते सोलापूरच्या मंडळींना कळेल. चीनला नावं ठेवण्याआधी आपण आपल्या किनाऱ्यावर काय करतो ते बघू या.

मालवणचो_लॉजवालो
ताई, तुमचं मनाला लागलं. तरी माझं म्हणणं सोडत नाही. नियम सरकारने केला तर तो पाळायला लहान माणसाला शिकवायचंही सरकारने. पर्यटनाची शिबिरं होतात तिथे भाषणं होतात, संगणकावर बसवून सी फॉर्म भरायला मला कुणी शिकवलं नाही. मी पुतण्याकडून शिकलो. ज्यांना असा पुतण्या नाही ते 'नाही' म्हणून मोकळे होतात.

सोलापूरकर_प्रवासी
शांघायकरांचं पटलं, पुढच्या वेळी १२३६७ जवळ असेल. पण यीवूवाल्यांचा सल्ला मला स्वीकारवत नाही. दिवसा जाऊन संध्याकाळी बाओडिंगला परत, हे सहज जमतं, ठाऊक आहे. कोटणीस मात्र तिथे राहिले होते. तिथली भाषा शिकले, तिथेच लग्न केलं, आणि त्या गावात आजही त्यांचं नाव आदराने घेतात. तिथे एक रात्र राहावं, सकाळी त्या रस्त्यांवरून चालावं, एवढ्यासाठी आम्ही गेलो होतो. पर्यटकांच्या नेहमीच्या वाटेवर नसलेल्या गावांत परदेशी माणसाने मुक्कामच करू नये, असं आपणच ठरवून टाकलं तर त्या काउंटरवरची मुलगी ते पान उघडायला कधी शिकणार?

यीवू_ग्वांगचौ_फेऱ्या
भावना समजली, आणि कोटणिसांबद्दल आदर मलाही आहे. तरी बरोबर सत्तरीच्या बायका असताना मी तो प्रयोग करणार नाही. तरुण पोरं असतील तर खुशाल करा. तुमच्या भरपाईचं काय झालं? ॲपने पैसे परत दिले का?

सोलापूरकर_प्रवासी
खोलीचे दिले. टॅक्सीचे आणि बाओडिंगच्या जादा भाड्याचे नाहीत. 'हॉटेलच्या धोरणाला आम्ही जबाबदार नाही' असं उत्तर आलं. मी पुन्हा लिहिलंय, कन्फर्मेशनचा मेसेज आणि २०२४ च्या सूचनेची प्रत जोडून.