मिनोल्टा एक्स-७०० : आकडे लागतात, शटर पडत नाही. दुरुस्त करू की दुसरी बॉडी घेऊ?

आडवाटेचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. काकांनी १९८४ साली मस्कतहून आणलेला मिनोल्टा एक्स-७०० हा फिल्मचा कॅमेरा माळ्यावर सापडला. आमच्या घरातली पंधरा वर्षांची लग्नं, बारशी, मुंजी याच्यातच झाल्या. नंतर डिजिटल आलं आणि हा पितळी डब्यांच्या मागे गेला.

अडचण अशी : दोन नवे एलआर४४ सेल घातले, स्विच ऑन केला. बटणावर नुसतं बोट टेकवलं की व्ह्यूफाइंडरमध्ये उजवीकडचे शटरच्या वेगाचे लाल आकडे लागतात. खिडकीकडे धरला की वर सरकतात, कोपऱ्यात नेला की खाली येतात, म्हणजे प्रकाश मोजणारं मीटर जिवंत आहे. पण बटण पूर्ण दाबलं की आकडे विझतात आणि पुढे काहीच नाही. आरसा जागचा हलत नाही. फिल्म पुढे सरकवायची लिव्हरही फिरत नाही, घट्ट बसली आहे.

एका दुकानात दाखवला. त्यांनी तळाचा एक स्क्रूही न काढता निकाल दिला, "सर्किट गेलंय, पार्ट येत नाहीत, शोकेसमध्ये ठेवा." दोन मिनिटांत!

मी पुण्यात असतो. घरी मल्टिमीटर आहे, कॉलेजात असताना एफएम रेडिओचं किट जोडलं होतं (वाजलं होतं, शप्पथ). यावर वेळ घालवावा, की सात-आठ हजारांत दुसरी चालती बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) बघावी? दुसरी घ्यायची तर कुठली?

खडीसाखर

सेल कुठून घेतलेत? खेळण्यांच्या दुकानात पट्टीवर दहा मिळतात त्यातले असतील तर आधी ते बाजूला ठेवा. ते आकडे लावतात, काम करत नाहीत.

आडवाटेचा

अगदी तेच पट्टीवाले आहेत 😬 पण मल्टिमीटरवर दोन्ही मिळून ३.१ व्होल्ट दाखवतात.

ब्रेडबोर्ड

नुसता मल्टिमीटर लावून सेलची परीक्षा होत नाही. तो सेलकडून जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे मरायला टेकलेला सेलही १.५ दाखवतो. १०० ओहमचा रेझिस्टर सेलच्या दोन टोकांना पाच सेकंद धरा आणि तेव्हा व्होल्टेज बघा. १.३ च्या खाली भरभर घसरत असेल तर सेल बाद. घड्याळवाल्याकडे एसआर४४ मागा, पाकिटावर ३५७ किंवा ३०३ लिहिलेलं असतं. तो सिल्व्हर ऑक्साइड, १.५५ व्होल्टचा, आणि संपेपर्यंत जवळपास तेवढाच राहतो. अल्कलाइन एलआर४४ पहिल्या दिवसापासून हळूहळू उतरत जातो. किमतीत फरक आहे, पण कॅमेऱ्याचं निदान करताना तरी कंजुषी नको.

सेलच्या खाचेत हिरवट-पांढरा थर आहे का? असेल तर कापसाच्या काडीवर व्हिनेगर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. संपर्क पेन्सिलच्या खोडरबराने घासा. पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा निघून जातो.

हे सगळं करूनही लक्षण तेच राहिलं तर मला बऱ्यापैकी खात्री आहे काय झालंय याची. करा आणि कळवा.

फोटोवाले_सांगली

मी १९८१ पासून लग्नाचे फोटो काढत आलो. इलेक्ट्रॉनिक बॉडी पाचसहा वापरल्या, सगळ्या एकदा तरी ऐन अक्षतांच्या वेळी बंद पडल्या. शेवटी पेंटॅक्स के१००० आणि निकॉन एफएम या दोघांवर आलो. दोन्हीत शटर स्प्रिंगवर चालतं, सेल फक्त मीटरला. सेल संपला तर अंदाजाने काढायचं, काम थांबत नाही. माझा सल्ला : शोकेसमध्ये ठेवा आणि के१००० घ्या. पैसे वाचतील, डोकं शांत राहील.

आडवाटेचा

फोटोवाले काका, पटतंय. पण हा काकांचा आहे म्हणून जीव अडकलाय.

ब्रेडबोर्ड, १०० ओहमवर एक सेल १.३८, दुसरा थेट ०.९! लक्ष्मी रोडवरून एसआर४४ ची जोडी आणली. आकडे आता जास्त ठसठशीत दिसतात. शटर मात्र तसंच बंद.

ब्रेडबोर्ड

छान. म्हणजे आता मुद्द्याचं बोलू.

या बॉडीत बटण दाबल्यावर शटर सोडतो तो एक छोटा इलेक्ट्रोमॅग्नेट. त्याची रचना आपल्याला वाटते त्याच्या उलट असते. आत एक कायमचा चुंबक पट्टी धरून बसलेला असतो आणि स्प्रिंग ती पट्टी ओढत असते. बटण दाबलं की कॉइलमध्ये क्षणभर जोराचा करंट जातो, चुंबकाची पकड तेवढ्यापुरती रद्द होते आणि स्प्रिंग जिंकते. आरसा उठणं, शटर पळणं हे सगळं त्यानंतर यांत्रिकच.

आता हा क्षणभराचा जोर बटणाएवढे सेल देऊ शकत नाहीत, त्यांचा अंतर्गत रोध जास्त असतो. म्हणून २२० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर ठेवलाय. सेल तो निवांत भरतात, बटण दाबलं की तो एका दमात रिकामा होतो. ३ व्होल्टला त्यात साठणारी ऊर्जा साधारण १ मिलिज्यूल. एवढ्याशा धक्क्यावर अख्खा कॅमेरा अवलंबून.

आणि हा कपॅसिटर ही एक्स-७०० ची जगजाहीर दुखरी नस. चाळीस वर्षांत तो कोरडा पडतो किंवा गळका होतो. मग आकडे लागतात, दाबल्यावर विझतात आणि लिव्हर जाम. (लिव्हर बिघडलेली नाही. शटर पडलंच नाही तर ती पुढे जाणार कशी? तिला जोर लावू नका.) तुमचं वर्णन शब्दशः हेच आहे. एक्स-३०० आणि एक्स-५०० मध्येही हा प्रकार बघितलाय.

"सर्किट गेलं" हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. मेंदूची आयसी खरोखर जळालेली माझ्या टेबलावर फार थोड्या वेळा आली. सेल, संपर्क, गंजलेली वायर, हा कपॅसिटर आणि चिकट झालेला चुंबक, यातच बहुतेकांचं सापडतं.

दोनशेआयएसओ

+१ चुंबकाला. माझ्या कॅननच्या एई-१ ला असंच झालं होतं. तिथे चुंबकाच्या तोंडावर जुन्या तेलाचा थर बसला होता, पकड सुटायला वेळ लागायचा. कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये बुडवून मध्ये सरकवली, दोनदा ओढली, सुटला. तेव्हापासून बरा आहे. खोकला मात्र अजून आहे. (एई-१ वाल्यांना माहीत असेल, शटर पडताना दमेकऱ्यासारखा आवाज येतो. तो इलेक्ट्रॉनिक नाही, आरशाच्या यंत्रणेतलं दातेरी चाक कोरडं पडल्याचा आहे.)

रानमेवा

थोडं अवांतर, पण आरसा वर अडकलेला कॅमेरा "मेला" म्हणून विकणारे जुन्या बाजारात खूप भेटतात. पेंटॅक्स एमई सुपर असेल तर वरची चकती १२५एक्स वर न्या, तो वेग यांत्रिक आहे, सेल लागत नाही. निकॉन एफई ला तसाच एम९० आहे. त्यावर शटर पडलं तर यंत्रणा ठीक, दोष विजेच्या बाजूला. विकत घेताना दहा सेकंदांत होणारी परीक्षा. एफई मध्ये लिव्हर थोडी बाहेर ओढल्याशिवाय मीटर चालू होत नाही हेही लक्षात ठेवा. मी त्यामुळे एक चांगली बॉडी परत केली होती, अजून हळहळ वाटते.

आडवाटेचा

एक्स-७०० ला असा यांत्रिक वेग आहे का?

रानमेवा

नाही. तिथे शटर सोडणं आणि वेग ठरवणं दोन्ही विजेवर.

ब्रेडबोर्ड

उघडायचं असेल तर असं करा. सेल काढा. तळाचा पत्रा काढायला जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा स्क्रूड्रायव्हर हवा. आपला नेहमीचा चौफुली त्या खाचेत नीट बसत नाही, डोकी झिजतात आणि मग रडायची पाळी येते. बर्फाच्या ट्रेच्या खणात एकेक स्क्रू ठेवा, काढलेल्या क्रमाने. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो.

पत्र्याखाली कपॅसिटर दिसेल. लगेच काढायला जाऊ नका. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत २२० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्टचा लहानातला लहान मिळेल तो घ्या. चारपाच घ्या, काही रुपयांचा माल आहे. सेल परत घालून नव्याचे पाय जुन्याच्या पायांवर टेकवा, धनला धन, ऋणला ऋण, आणि बटण दाबा. शटर पडलं तर निदान पक्कं. नाही पडलं तरी लगेच हिरमुसू नका. जुना आतून शॉर्ट झाला असेल तर नवा शेजारी धरून उपयोग नसतो, तेव्हा जुना एक पाय सोडवून मगच तपासावा लागतो. आणि काही बॉडींमध्ये वरच्या बाजूचा दुसरा कपॅसिटर दगा देतो. तो असेल तर स्वतः करू नका, वरचं आवरण काढणं हे वेगळंच प्रकरण आहे.

सोल्डरिंग २५ वॅटचं पुरे. टोक टेकवण्याआधी भिंतीवरचं बटण बंद करा, स्वस्त सोल्डरिंग आयर्नमधून गळणारा करंट नाजूक आयसीला पुरेसा असतो. सर्किटच्या लवचिक पट्टीवर दोन सेकंदांपेक्षा जास्त टोक ठेवलं तर तांबं उचलून येतं, आणि ते परत बसत नाही.

फोटोवाले_सांगली

या पोराला नव्वद टक्के लोक सांगतील कर, आणि उद्या पट्टी जळाली की कोणी उभं राहणार नाही. मुंबईला फोर्टात बोरा बाजारच्या बाजूला जुने कारागीर अजून बसतात. एक दिवस काढा, समोर बसून करून घ्या. फक्त कपॅसिटर बदलायचाय एवढंच सांगा, म्हणजे "सर्किट गेलं" ऐकावं लागणार नाही.

ब्रेडबोर्ड

हेही बरोबर आहे. हात थरथरत असतील तर फोटोवाल्यांचं ऐका.

मीरामार

पावसाळी भागातल्यांसाठी एक भर. पणजीत माझ्या बॉडीचे संपर्क लख्ख होते तरी वीज पुढे जात नव्हती. अल्कलाइन सेल फुटला की आतला क्षार वायरच्या प्लास्टिकखालून वर चढतो. बाहेरून वायर लाल-काळी छान दिसते, आत तांब्याची काळी पूड. सेलच्या खाचेपासून बोर्डापर्यंत मल्टिमीटरचा बीप लावून बघा. मला चार सेंटिमीटर वायर बदलावी लागली, बाकी काही नाही.

तळेगावकर

धागा हायजॅक करतोय, माफ करा. ऑलिम्पस ओएम-१ आहे, शटर छान, मीटर जास्त प्रकाश दाखवतं आणि फोटो काळपट येतात. काय असेल?

खडीसाखर

तो कॅमेरा १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेला आहे. तुम्ही १.५ चा घातला असणार. पाऱ्याचे आता मिळत नाहीत. केमिस्टकडे किंवा श्रवणयंत्राच्या दुकानात ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल मागा, १.४ व्होल्टचा. स्टिकर काढला की हवेने चालू होतो आणि काही आठवड्यांत संपतो, पण स्वस्त आहे. सैल बसतो, भोवती रबरी कडी घाला. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकला ही कटकट नाही, तिथलं सर्किट ब्रिज पद्धतीचं असल्याने व्होल्टेजचा फरक पोटात घालतं.

ब्रेडबोर्ड

अजून एक, फ्लॅशबद्दल. जुने फ्लॅश हॉटशूवर (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत) लावू नका, आधी ट्रिगरच्या टोकांचं व्होल्टेज मोजा. काही जुन्या फ्लॅशमध्ये ते दोनशेच्या वर असतं. यांत्रिक बॉडी ते सोसते, इलेक्ट्रॉनिक बॉडीचं तिथे खरोखर "सर्किट जातं". आणि ज्यांच्याकडे उघडणारा फ्लॅश असलेल्या नव्वदीतल्या बॉडी आहेत त्यांनी वरचं आवरण काढूच नये. आतला फ्लॅशचा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या आसपास भरलेला असतो आणि सेल काढल्यावरही बराच काळ तसाच राहतो. मला एकदा शॉक बसलाय. हात कोपरापर्यंत बधिर झाला होता.

आडवाटेचा

मंडळी, झालं!!

शनिवारी तपकीर गल्लीतून पाच कपॅसिटर आणले, रविवारी सकाळी चहा न घेता बसलो (हात थरथरू नयेत म्हणून). पत्रा काढला, नव्याचे पाय टेकवले, बायकोला सांगितलं बटण दाब. खट्! लिव्हर फिरली. पुन्हा खट्! दोघंही हसत सुटलो. मग धीर करून जुना काढला, नवा बसवला. जुना मल्टिमीटरच्या कपॅसिटन्सवर लावला तर २२० च्या जागी ९. नवा थोडा उंच निघाला, आडवा करून बसवावा लागला, पत्रा मात्र नीट बसला.

१ सेकंदाचा वेग मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून तपासला, बरोबर आहे. १/१००० तपासायची सोय नाही, त्याचं रोल धुतल्यावर कळेल. आरशाजवळच्या फोमचा मात्र काळा चिकटा झालाय, बोटाला लागतो.

रानमेवा

अभिनंदन! तो फोम रोल घालण्याआधी काढा, नाहीतर त्याचे कण फोकसिंग स्क्रीनवर पडतात. स्क्रीनला अल्कोहोल लावू नका, ओरखडे आणि डाग दोन्ही पडतात. नुसता हवेचा फुगा.

फोटोवाले_सांगली

चांगलं केलंस. तरी लग्नाला नेशील तेव्हा खिशात जास्तीचे सेल ठेव. आणि जमलं तर एक के१०००.

आडवाटेचा

😀 नक्की काका.

शटर पडतानाचा व्हिडिओ मस्कतवाल्या काकांना पाठवला. आता साताऱ्याला असतात. पाच मिनिटांत उत्तर आलं, "अरे वा! मग पुढच्या शनिवारी येताना माझा कॅमेरा घेऊन ये."

तर आता दुसरी बॉडी कुठली घ्यावी, हा प्रश्न पुन्हा खुला आहे.