मदत हवी आहे: पहिलारू गाय मशीनला लाथा झाडते

वाळवा_गोठा
पहिल्या वेताची एचएफ (होल्स्टीन) आहे. धारेचं मशीन लावलं की लाथा. क्लस्टर (चार कपांचा जोड) खाली, दूध शेणात. पाय बांधून झाले, पेंड टाकून झाली, दोघांनी धरून झालं. बाकीच्या पाच गाई त्याच मशीनला गप उभ्या राहतात, म्हणजे मशीनचा दोष नाही. डेअरीची वेळ रोज चुकतेय. सरळ उपाय सांगा, लांबण लावू नका.

गोठा_तासगाव
दादा, व्याली कधी? हातानं धार काढू देते का? पंप चालू झाल्यावर झाडते की कप सडाला लागल्यावर? व्हॅक्यूमचं गेज किती दाखवतंय? कपातले रबरी लायनर कधी बदलले? यातलं काहीच न सांगता सरळ उपाय कुठनं येणार.

वाळवा_गोठा
हातानं देते की. म्हणून तर डोकं फिरलंय. मागच्या महिन्यात व्याली. कप लागला की झाडते, आता आता तर पंपाच्या आवाजालाच पाय उचलते. गेज हाय, बघितलं नाही.

माणदेशी_खिलार
शेपूट बुडातनं धरून सरळ वर उचला, लाथ मारता येत नाही. चार दिवसांत वळणावर येते.

विटा_डेअरी
एवढं कशाला, ऑक्सिटोसिन (पान्हा सोडणारं हार्मोन) टोचा. पाच मिनिटांत कास रिकामी.

पशु_कोरेगाव
इंजेक्शनचा सल्ला इथे देऊ नका. पान्ह्यासाठी जनावराला अपाय होईल असं काही टोचणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. आणि प्रश्न लाथेचा आहे, त्यावर हे औषधच नाही.
शेपूट धरल्यानं गाय त्या वेळेपुरती थांबते. पण भ्यालेल्या जनावराचं अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं आणि पान्हा अडतो. दूध कासेत राहिलं की पुढे दगडी (कासेची सूज).

मानस_वाई
पंपाच्या आवाजालाच पाय उचलते, हे महत्त्वाचं आहे. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला घंटेनं लाळ सुटायची, तोच प्रकार. बादली वाजली की जुन्या गाईला पान्हा फुटतो तोही हाच. तुमच्या गाईच्या बाबतीत आवाजामागनं त्रास येतो, म्हणून आवाजच त्रासाची वर्दी झाला.
दुसरी गोष्ट लाथेची. लाथ मारली की क्लस्टर पडतो, तुम्ही मशीन बाजूला घेता आणि हातानं धार काढता. म्हणजे लाथेनं नको ती गोष्ट टळते आणि हवी ती मिळते. ही निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट. रोज दोन वेळा शिकवणी चालू आहे.

माणदेशी_खिलार
निगेटिव्ह म्हणजे शिक्षाच की. मग मी वेगळं काय सांगितलं?

मानस_वाई
नाही. शिक्षेनं वागणं कमी होतं, यात ते वाढतंय. नकोशी गोष्ट काढून घेतली म्हणून निगेटिव्ह.

मु_पो_फलटण
फॅट किती लागतंय? एचएफला ३.५ च्या खाली जात असेल तर वैरणीत सुका चारा वाढवा, नुसता ऊस-वाढं घालू नका.

वाळवा_गोठा
फॅटचं कोणी विचारलं? लाथेचं सांगा.

गोठा_तासगाव
शिकवणं नंतर. आधी दुखतंय का ते बघायचं.
सडाला भेगा आहेत का बघा. सीएमटी (दगडीची घरगुती चाचणी) करा: चारही सडांचं दूध वेगवेगळ्या खणात, तेवढंच द्रावण, गोल फिरवा. चिकट गोळा धरला तर दगडी सुरू आहे. गेज ४२ ते ५० किलोपास्कलमध्ये हवं, इंचात साडेबारा ते पंधरा. पल्सेटर (लायनरची उघडझाप करणारा भाग) मिनिटाला साधारण ६० ठोके. रबरी लायनर २५०० धारांच्या आसपास बदलायचा. सहा गाई, एकच क्लस्टर, दोन वेळ म्हणजे सात महिन्यांत तो संपतो. जुन्या गाईंची सडं सरावलेली असतात, पहिलारूची नसतात. त्यामुळे 'बाकीच्या गप उभ्या राहतात' हा पुरावा धरू नका.

मानस_वाई
हे सगळं ठीक निघालं तर क्रम असा. पंप लांब चालू करायचा, दोन-तीन सेकंदांनी पेंड. आधी पेंड आणि मग आवाज केलात तर पेंडच भीतीची वर्दी होते, मग गव्हाणीला तोंड लावायची नाही. खाताना कान-मान ढिली राहिली की पंप थोडा जवळ.
मग स्पर्श. काठीला जुना हातमोजा बांधून मांडीवरून कासेपर्यंत न्यायचा. पाय उचलला तरी हलवायचा नाही. पाय टेकवून दोन सेकंद थांबली की लगेच काढायचा. काढणं हेच बक्षीस, म्हणून वेळ चुकवायची नाही. मधे दोन-तीन दिवस लाथा वाढतील. तेव्हा हात मागे घेतलात तर 'जोरात मारलं की चालतं' हे शिकते, आणि अधूनमधून फळलेली सवय मोडायला सगळ्यात अवघड.

पशु_कोरेगाव
एक हरकत. थरथरते, डोळे पांढरे करते, शेण टाकते अशा वेळी धरून ठेवायचं नाही. ते शिकणं नसतं, ती घाबरलेली असते. एक पायरी मागे यायचं.
तोवर हातानंच धार काढा, पण लाथेनंतर लगेच नाही, गप उभी राहिल्यावरच. कास धुऊन-चोळून ६० ते ९० सेकंदांत कप लागला पाहिजे, तिच्या अंगात आपसूक सुटलेलं ऑक्सिटोसिन काही मिनिटांतच ओसरतं. काढताना आधी व्हॅक्यूम बंद. ओढून काढलेला कप सडाला दुखवतो.

माणदेशी_खिलार
एवढं गाईसाठी? खिलार खोंडाला खरसुंडीच्या बाजारात नेताना लोक पोत्यानं चोळत नेतात, गर्दीला बुजत नाही. शर्यतीच्या बैलाला हे कोण करतो का सांगा.

मानस_वाई
पोत्यानं चोळणं हा सरावच झाला. शर्यतीच्या बैलांसाठी वेगळा धागा काढा, तिथं लिहितो.

गोठा_तासगाव
वाळवा, एक राहिलं. पंपाला अर्थिंग आहे का? मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बादलीला, दुसरं ओल्या फरशीवर, जिथं तिचे मागचे खूर असतात. पंप चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही रीडिंग लिहा.

वाळवा_गोठा
सॉकेट दोन पिनचं होतं म्हणून वायरमननं तिसरी पिन काढलीय. त्याचा काय संबंध? बादलीला हात लावला तर आम्हाला काही होत नाही.
मोजलं. बंद असताना ०.१, चालू असताना ३.४.

गोठा_तासगाव
बादलीत करंट उतरतोय, तुमच्या पायात गमबूट म्हणून कळत नाही. तिचे चारही पाय ओल्या फरशीवर, अंगाचा विजेला विरोध माणसापेक्षा बराच कमी. दोन-तीन व्होल्टलाही गाय दचकते. पहिलारूची जागा कुठली, मोरीजवळची का?

वाळवा_गोठा
हो, मोरीच्या कडेला. बाकीच्या वरच्या कोरड्या बाजूला.

पशु_कोरेगाव
मग आज मशीन लावूच नका, कुठल्याच गाईला नाही. हा धोका माणसालाही आहे. तीन पिनचं सॉकेट, वेगळं अर्थिंग, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), आणि बादली-नळी-दावणीचे लोखंडी पाइप एकमेकांना तारेनं जोडून त्याच अर्थिंगला. मग परत मोजा, अर्ध्या व्होल्टच्या खाली आलं पाहिजे.

वाळवा_गोठा
वायरमनला बोलावलंय. दुरुस्त झालं की संध्याकाळी कप लावू ना?

मानस_वाई
संध्याकाळी नको. करंट गेला हे तिला माहीत नाही, आवाजाची धास्ती तशीच राहणार. पहिल्या दिवशी नुसता पंप आणि पेंड. जागाही बदला, कोरड्या बाजूला घ्या. पहिला कप एकाच सडाला, तोही ती खात असताना, आणि ती गप उभी असतानाच काढायचा.