ससा खात नाहीये, एका जागी आखडून बसलाय, पोट दुखत असेल का?

टम्मूची_ताई: आमचा टम्मू कालपासनं पेलेट्सला (विकतच्या खाद्याच्या गोळ्या) तोंडच लावत नाहीये, कोथिंबीर धरली तर हुंगतो आणि तोंड फिरवतो, एरवी पिशवीची करकर ऐकली तरी धावत येणारा ससा हा. आत्ता कपाटाखाली पाय पोटाशी घेऊन बसलाय, डोळे अर्धवट मिटलेले, मधेच पोट फरशीला दाबून लांब होतो. लेंड्या एरवी हरभऱ्याएवढ्या असतात, आज सकाळपासनं मोजक्याच आणि मिरीएवढ्या. घरचे म्हणतात फटाक्यांना घाबरलाय, होईल उद्या नीट. ओव्याचं पाणी देऊ का?

गवतवाला: उद्याची वाट बघू नका प्लीज. फटाक्यांची भीती हेच कारण असू शकतं, भीतीनेही सशाचं आतडं मंदावतं, मग गॅस होतो, गॅसने दुखतं, दुखतं म्हणून खात नाही आणि न खाल्ल्याने आतडं अजून थांबतं. सशाला उलटी होत नाही, आत आहे ते पुढेच सरकायला हवं. १०-१२ तास खाणं किंवा लेंड्या बंद म्हणजे इमर्जन्सीच समजायची. ओवा वगैरे काही नको.

दोन_कान: दात वाजतायत का ऐका. लाडात आला की हलकं कटकट करतो ते वेगळं, दुखत असताना जोरात करकर दात खातो. कान गार लागतायत का तेही बघा. अंग गार असेल तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा, चटका बसणार नाही एवढी, आणि नको असेल तर त्याला बाजूला सरकता आलं पाहिजे. पोट फुगून टणक लागत असेल तर चोळू नका, सिरींजने भरवूही नका, आत काही अडकलं असेल तर भरवून जीव जाऊ शकतो. आधी एक्स-रे, मग भरवणं.

टम्मूची_ताई: कान गारच आहेत 😟 पोट मऊ लागतंय. जवळच्या क्लिनिकमधे कुत्री-मांजरीच जास्त येतात, तिथेच नेऊ का?

गवतवाला: आधी फोन करून ससे बघता का विचारा, नसतील बघत तर कोण बघतं तेही त्यांनाच विचारा. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन (अँटिबायोटिक) देणार असतील तर स्पष्ट नाही म्हणा, सशाच्या पोटातले चांगले जंतू त्याने मरतात आणि ससा दगावू शकतो. दुखण्याचं औषध मात्र मागा, दुखणं थांबल्याशिवाय तो खाणार नाही. निघण्याआधी उपाशी ठेवायचं नसतं, गवत पिंजऱ्यात राहू दे. आजच्या लेंड्या पिशवीत घालून न्या आणि मागच्या दाढा तपासायला सांगा, दाढेचं टोक जिभेला टोचत असलं तरी असंच खाणं सुटतं.

दोन_कान: ताई, रोज गवत किती देता? पेलेट्सवरच असेल तर हे परत होणार. टिमोथी (सशांना देतात ते सुकं गवत) महाग पडतं तर हरळी चालते, फवारलेली नको, पण गवत दिवसभर समोर पाहिजे. गाजर, बिस्किट, पोळी बंद करा.

टम्मूची_ताई: पेलेट्सच जास्त, गवत मूठभर. डॉक्टर मिळाले, ससे बघतात म्हणाले, निघतोय.